आपल्या बाजूचा पुरावा



सुरुवातीलाच तुम्हाला थोडं कामाला लावतो. तीन आकडे सांगतो : २, ४, ६. हे आकडे एका नियमाने निवडले आहेत आणि तो नियम माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलेला आहे. तुम्ही तुमच्या मनाचे तीन-तीन आकडे सांगायचे. ते नियमात बसतात की नाही एवढंच मी सांगेन. खात्री झाली की नियम सांगायचा.

(श्रोत्यांतून : “८, १०, १२.” – बसतात. “२०, २२, २४.” – बसतात. “१००, १०२, १०४.” – बसतात. “दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या!”)

नाही. चिठ्ठीवर लिहिलंय : पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा. बस्स. १, २, ३ चाललं असतं. ५, ७०, ९००० सुद्धा चाललं असतं. एवढं भरलेलं सभागृह, यात निवृत्त मुख्याध्यापक आहेत, दोन वकील मला दिसताहेत, पण ‘६, ४, २ चालेल का’ असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ‘नाही’ म्हटलं असतं आणि त्या एका ‘नाही’तून तुम्हाला पाच ‘हो’पेक्षा जास्त कळलं असतं.

वाईट वाटून घेऊ नका. हा प्रयोग पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये केला आणि १९६० साली प्रसिद्ध केला. त्याच्या २९ जणांपैकी पहिल्याच झटक्यात बरोबर नियम सांगणारे फक्त ६ निघाले. बाकीच्यांचं गणित कच्चं नव्हतं. मनात एक कल्पना आली आणि मग ज्या प्रश्नाला ‘हो’ येणार तेवढेच प्रश्न त्यांनी विचारले. प्रत्येक ‘हो’ने खात्री वाढत गेली, ज्ञान मात्र होतं तिथेच राहिलं. इथे तर कुणाचं काही पणाला लागलेलं नव्हतं. जात नाही, पक्ष नाही, देव नाही, जमिनीची वाटणी नाही. नुसते तीन आकडे. तरी आपण आपल्याच बाजूचा पुरावा गोळा करत सुटलो.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘चिकित्सक विचार कसा शिकावा आणि आपले पूर्वग्रह कसे ओळखावेत.’ यातल्या दुसऱ्या भागाबद्दल माझी तक्रार आहे. ‘आपले पूर्वग्रह ओळखा’ हा उपदेश गेली पन्नास वर्षं शाळांतून, शिबिरांतून, अग्रलेखांतून चालला आहे. त्यात गृहीत असं धरलंय की माणूस शांतपणे बसला, मनात डोकावला, तर पूर्वग्रह त्याला दिसेल. मला हे गृहीतच खोटं वाटतं. पूर्वग्रह आतून दिसत नाही. आतून तो आपल्याला अनुभव वाटतो, व्यवहारज्ञान वाटतं, ‘जग पाहिलंय मी’ असा वाटतो. एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिलं की लोकांना पूर्वग्रहांची यादी वाचायला दिली की ते दुसऱ्यांमध्ये प्रामाणिकपणे शोधतात आणि स्वतःला मात्र त्यातून बऱ्यापैकी सोडवून घेतात. आता तर ही यादी सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगचं भांडण पेटलं की तिसऱ्या मेसेजला कुणीतरी कुणाला ‘हा तुमचा कन्फर्मेशन बायस आहे’ असं सुनावतो. स्वतःला उद्देशून असं म्हणणारा सभासद अजून कुठल्या ग्रुपवर आढळलेला नाही.

मग हुशार माणसांचं काय? शिक्षणाने हे जात असेल, असं आपल्याला वाटतं. आपण सुशिक्षित आहोत म्हणून तर आणखीच वाटतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे डॅन कहान यांनी २०१३ साली १,१११ लोकांना एक आकड्यांचा तक्ता दिला. काहींना सांगितलं, हे आकडे त्वचेच्या एका मलमाचे आहेत. मलमाने पुरळ बरं होतं की वाढतं ते सांगा. तक्ता जरा फसवा होता, वरवर पाहणारा चुकेल असा. ज्यांचं गणित पक्कं होतं त्यांनी बरोबर उत्तर काढलं. मग दुसऱ्या गटाला तेच आकडे, तोच तक्ता दिला, फक्त मथळा बदलला : बंदूकबंदीने गुन्हे कमी होतात की वाढतात? आता उत्तर ज्याच्या त्याच्या राजकीय पक्षाप्रमाणे यायला लागलं. आणि गंमत पुढे आहे. गणित पक्कं असलेल्यांमध्ये ही फूट कमी व्हायला हवी होती, ती जास्त होती. नावडतं उत्तर दिसलं की हुशार माणूस पुन्हा हिशेब करतो, आवडतं दिसलं की पहिल्याच हिशेबावर थांबतो. हुशारी त्याला वकील म्हणून मिळालेली असते. न्यायाधीश म्हणून तो तिला बसवतच नाही.

तेव्हा जाणीव पुरत नाही आणि हुशारीही पुरत नाही. मग काय पुरतं, हे सांगण्यासाठी मला तुम्हाला एका घोड्याकडे न्यावं लागेल.

१९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा सगळ्या युरोपात गाजत होता. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, ‘महिन्याच्या आठ तारखेला मंगळवार असेल तर पुढच्या शुक्रवारी तारीख कोणती’ अशा तऱ्हेचे प्रश्न. हान्स टाप आपटून उत्तर द्यायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर द्यायचा. फॉन ओस्टेन लबाड नव्हता. खेळाचे पैसेही तो घेत नसे. कार्ल श्टुम्फ या नामवंत मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने समिती नेमली गेली, तिच्यात सर्कशीतला माणूस होता, प्राणिशास्त्रज्ञ होते. समितीने सांगितलं : यात कुठलीही हातचलाखी नाही. मग श्टुम्फच्या हाताखालचा ऑस्कर फुंग्स्ट हा तरुण कामाला लागला. त्याने एकच साधा बदल केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी सोय केली. कार्डांवर आकडे लिहिले आणि विचारणाऱ्याने स्वतः न पाहता कार्ड घोड्यापुढे धरायचं. हान्स सपशेल नापास. घोडा गणित करतच नव्हता. प्रश्न विचारून झाला की माणूस टापेकडे बघायला किंचित वाकतो आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर उचललं जातं. घोडा ते ओळखून थांबत होता.

ही गोष्ट बऱ्याच जणांना इथपर्यंत माहीत असते. तिचा उरलेला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फुंग्स्टने हे सगळं शोधून काढलं, डोकं कधी हलतं ते त्याला पक्कं कळलं, आणि तरीही स्वतः घोड्यापुढे उभं राहून उत्तरावर लक्ष ठेवलं की त्याचं डोकं हलायचंच. ज्या माणसाने जगाला ही खूण दाखवली, त्यालाही ती स्वतःपुरती थांबवता येत नव्हती. त्याच्या ज्ञानाचा तिथे उपयोग नव्हता, उपयोग होता न पाहिलेल्या कार्डाचा. फॉन ओस्टेनने मात्र हा निष्कर्ष शेवटपर्यंत मानला नाही. १९०९ साली तो वारला तोपर्यंत हान्सचे खेळ करत राहिला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा वेळ मी तेच सांगणार आहे : स्वतःच्या मनावर पाळत ठेवण्याच्या फंदात पडू नका. ते कुणालाच जमत नाही. त्याऐवजी आपलं मन आड येऊ शकणार नाही अशी व्यवस्था लावा.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर मला गणित शिकवायला होते. सहामाहीचे पेपर तपासायला घेताना ते गठ्ठ्यातल्या प्रत्येक उत्तरपत्रिकेचा नावाचा कोपरा आत दुमडत आणि टाचणी लावत. एका विद्यार्थ्याने धीर करून कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, “अरे, तुझं नाव दिसलं की माझा हात आपोआप सैल होतो आणि त्याचं दिसलं की आखडतो. मी काय देव आहे?” आणखी एक. ते एकाच मुलाचा सगळा पेपर सलग तपासत नसत. सगळ्या वर्गाचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. पहिलं उत्तर झकास आलं म्हणून दुसऱ्याला अर्धा गुण फुकट मिळू नये, यासाठी. सरांनी मानसशास्त्र वाचलं होतं की नाही मला ठाऊक नाही. त्यांनी टाचण्या वापरल्या, हे मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ‘मी निःपक्षपाती आहे’ असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि ते म्हणणाऱ्या शिक्षकांचे पेपर कसे तपासलेले असत हेही आम्ही पाहिलंय.

वैद्यकशास्त्राने हीच टाचणी मोठ्या प्रमाणावर लावली. नवं औषध कुणाला दिलं आणि कुणाला नुसती साखरेची गोळी, हे रोग्यालाही कळू द्यायचं नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. त्याहीपुढची पायरी म्हणजे प्रयोगाआधी नोंदणी. आपण नेमकं काय मोजणार हे आधी जाहीर करून टाकायचं, म्हणजे निकाल हातात आल्यावर सोयीचं मोजमाप निवडता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने पैसा पुरवलेल्या मोठ्या चाचण्यांचा हिशेब रॉबर्ट कॅप्लान आणि व्हेरोनिका अर्विन यांनी २०१५ साली मांडला. २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. आधी नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये दिसला. कारणं आणखीही असतील. पण आधीचे संशोधक चोर होते आणि नंतरचे साधू झाले, असं कुणी म्हणणार नाही. माणसं त्याच तोलामोलाची, फक्त त्यांना पळवाट राहिली नाही. भारतातही अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून चाचण्यांना ती सक्तीची आहे.

आता आपल्या पुण्यात झालेल्या एका प्रयोगाकडे येतो. त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या सभागृहात त्या प्रयोगावर प्रेम करणारे बरेच आहेत आणि नेमकं तेच मला अडचणीचं वाटतं.

२००८ साली डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, त्यामुळे पत्रिकेचं अंग कच्चं राहिलं नाही. प्रश्न एकच ठेवला. पत्रिकेवरून बुद्धिमत्ता सांगता येते असं ज्योतिषी म्हणतात, तर तेवढंच तपासू. १०० हुशार विद्यार्थी आणि विशेष शाळांतली बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं, अशा २०० जणांच्या जन्मवेळा गोळा केल्या, पत्रिका मांडल्या, एकमेकींत मिसळल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. कुठली पत्रिका कुणाची ही यादी विद्यापीठात बंदोबस्तात. ज्योतिषांना ४०-४० पत्रिका पाठवायच्या, त्यांनी फक्त सांगायचं, हा हुशार की दुसरा. ५१ ज्योतिषी तयार झाले. उत्तरं २७ जणांनी पाठवली. सगळ्यांची मिळून अचूकता ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती. सर्वांत चांगला ज्योतिषी ४० पैकी २४ वर थांबला. एका ज्योतिष संस्थेच्या चमूने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, त्यांची १०२ बरोबर आली. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये हे सगळं छापून आलं.

टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण टाळ्या कशासाठी वाजवायच्या ते बघू. ४६ या आकड्यासाठी वाजवल्या तर आपण ज्योतिषाच्या दुकानात ‘माझं भविष्य अगदी बरोबर आलं हो’ म्हणणाऱ्या गृहस्थापेक्षा वेगळे नाही. आपल्याला हवं ते उत्तर आलं म्हणून आपण खूश आहोत. मला या प्रयोगात थोर वाटतं ते वेगळंच. नारळीकर आणि दाभोलकर यांचं मत काय आहे हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. ज्योतिषाविरुद्ध ते वर्षानुवर्षं बोलत आले होते. आणि तरीही, किंवा म्हणूनच, या चौघांनी स्वतःलाही अंधारात ठेवलं. पत्रिकांची ओळख त्यांच्याही हाती राहिली नाही. विरोधकाला हरवता येईल अशी रचना करणं सोपं असतं. आपणही हरू शकू अशी रचना त्यांनी केली. अचूकता ६५ टक्के आली असती तर ती लपवायला त्यांना जागा नव्हती.

आता मी तुम्हाला एक नावडता प्रश्न विचारतो. ५१ पैकी २४ जणांनी उत्तरंच पाठवली नाहीत. समजा, निकाल उलटा लागला असता, २७ ज्योतिषांची अचूकता ६५ टक्के आली असती. तेव्हा आपण काय म्हटलं असतं? “ज्यांना जमलं नाही ते २४ जण पळून गेले, मग आकडा फुगणारच!” पहिल्या पाच मिनिटांत म्हटलं असतं. मग आज, निकाल आपल्या बाजूचा असताना, हा प्रश्न आपल्याला गेल्या इतक्या वर्षांत किती वेळा सुचला? माझ्या मते त्याने निष्कर्ष बदलत नाही, कारण परत न आलेल्यांत चांगलेच ज्योतिषी गोळा झाले असतील असं मानायला आधार नाही. पण उत्तर सोपं असणं वेगळं आणि प्रश्न न सुचणं वेगळं. दुसरी गोष्ट : प्रयोगाने तपासला तो बुद्धिमत्तेचा एक दावा. आपले वक्ते व्यासपीठावरून बेधडक सांगतात की सगळं फलज्योतिष त्या दिवशी निकालात निघालं. लेख लिहिणाऱ्यांनी जेवढं सिद्ध केलं त्यापेक्षा जास्त आपण त्यांच्या नावावर खपवतो. लग्नाच्या पत्रिकेत १८ गुण जुळले की संसार सुखाचा, हा दावा वेगळा आहे. माझा त्यावरही काडीचा विश्वास नाही, पण तो तपासायचा तर वेगळा प्रयोग मांडावा लागेल.

नारळीकरांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक गाठ सोडवू. हेच नारळीकर आपल्या स्वतःच्या विषयात, विश्वरचनाशास्त्रात, आयुष्यभर अल्पमतात होते. केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्याबरोबर ते, विश्वाला आरंभ नाही असं सांगणाऱ्या, स्थिर स्थिती सिद्धान्ताच्या बाजूने उभे राहिले. १९६५ साली विश्वातल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध लागला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. हॉयल, त्यांचे सहकारी बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली आपला सिद्धान्त नव्या रूपात पुन्हा मांडला. आता याला काय म्हणायचं? चिकाटी की हट्ट? पूर्वग्रह की स्वतंत्र बुद्धी? आज बहुतेक विश्वशास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत आणि मला त्यातलं गणित कळत नाही, म्हणून मी बहुमताबरोबर आहे. पण नारळीकरांचं मन आतून कसं चालत होतं याचा शोध घेण्यात मला रस नाही. त्यांनी व्यवस्था काय लावली ते पाहतो. मत मांडलं ते नियतकालिकांतून, समीक्षकांच्या हाती देऊन. आणि संचालक म्हणून पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली तेव्हा तिथे थानू पद्मनाभन यांच्यासारखा शास्त्रज्ञ आला, ज्याचं विश्वरचनेवरचं काम महास्फोटाच्या चौकटीतलं होतं. संचालकाच्या पटण्या-न पटण्यावर संस्थेतलं शास्त्र ठरत नव्हतं. आपल्याकडच्या किती शिक्षणसंस्थांत, किती साहित्यसंस्थांत, किती पक्षांत हे घडतं, ते तुम्हीच आठवून बघा.

विरोधी मताला अशी जागा देण्याला आपल्या परंपरेत आधार नाही असं समजू नका. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले : तत्त्व कळावं म्हणून केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं नुसतं पाडायचं ती वितंडा. शास्त्रग्रंथांत तर आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा की प्रतिपक्षाने मान डोलवावी : हो, हेच माझं म्हणणं. रात्री नऊला टीव्ही लावा. सहा चौकटींतून सहा माणसं ओरडत असतात. तो जल्पसुद्धा नसतो. आपल्याच घरातलं हे हत्यार आपण गंजू दिलं आणि वाद घालणाऱ्यालाच ‘वितंडवादी’ म्हणायला लागलो.

पूर्वपक्ष मांडण्याची सवय एकट्यानेही लावता येते. डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचली वा सुचली की तो ती तत्काळ टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणजे स्मरणशक्तीही पक्षपाती असते आणि तिच्यावर इलाज म्हणजे पेन्सिल.

आपल्यालाही पेन्सिलच घ्यायची आहे. निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सगळेच म्हणतात, “मी म्हटलंच होतं.” कुणी काय म्हटलं होतं याचा कागद कुणाकडेच नसतो. एक दोनशे पानी वही आणा. मतदानाच्या आदल्या रात्री आपल्या मतदारसंघाचा अंदाज लिहा, तारीख घाला, खाली सही करा. नवीन शेजारी, नवीन सून, नवीन साहेब यांच्याबद्दल पहिल्या भेटीत जे वाटलं ते लिहा. शेअर का घेतला ते लिहा. आणि शेजारी एक ओळ : काय घडलं तर माझं हे मत चुकलं असं मी मानेन? या शेवटच्या ओळीपाशी पेन अडलं तर समजायचं की ते मत नव्हतं, ती निष्ठा होती. निष्ठा असू नये असं मी म्हणत नाही. फक्त तिला मत म्हणून मिरवू नये.

पण वहीपेक्षाही मोठी सोय आपल्या घरात असते आणि ती आपण वापरत नाही. माझा पूर्वग्रह मला दिसत नाही, माझ्या मुलीला तो लख्ख दिसतो. सासूचा सुनेला दिसतो. साहेबाचा शिपायाला दिसतो; कुणाची फाइल आज सरकेल आणि कुणाची नाही हे तो साहेबाच्या आधी सांगतो. शिक्षक कुणाला फळ्यावर बोलावणार आणि कुणाला नाही हे मागच्या बाकाला पाठ असतं. वर्षानुवर्षं बारकाईने आपल्याकडे बघत असलेली ही माणसं आहेत. आणि नेमक्या याच माणसांना आपण शिकवून ठेवलंय : मोठ्यांना उलट बोलू नये. ‘उद्धट’ हा शब्द आपल्याकडे किती घरांत सगळ्यात जास्त चुकीच्या ठिकाणी वापरला गेला असेल! व्याख्यानमालेत येऊन विवेकवादावर टाळ्या वाजवणारे गृहस्थ घरी जातात आणि “बाबा, तुम्ही त्या कामवाल्या मावशींवर उगाच संशय घेतलात” असं मुलगी म्हणाली की ताटावरून उठतात. चिकित्सक विचार शिकायचा असेल तर पुस्तकांच्या आधी हे बदलावं लागेल. ज्याचं पोट आपल्यावर अवलंबून आहे, त्याला आपल्याला ‘चुकताय’ म्हणण्याची सोय आपण ठेवली आहे का? नसेल तर आपण कितीही वाचन केलं तरी फॉन ओस्टेनच्या तबेल्यातच उभे आहोत.

एक सावधगिरी सांगून आवरतं घेतो. हे सगळं ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सगळेच पक्षपाती, सगळंच विकलेलं, डॉक्टरही खोटे, वर्तमानपत्रंही खोटी, लसही खोटी. याला ते चिकित्सा म्हणतात. मी याला आळस म्हणतो. सगळं मानणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि काहीच न मानणाऱ्यालाही करावा लागत नाही. डॉक्टरवर विश्वास ठेवायचा तो माणूस थोर असतो म्हणून नाही, तर त्याच्या औषधामागे नावाचा कोपरा दुमडून केलेली तपासणी असते म्हणून. जिथे ती नसते तिथे विचारायचं. कुठला प्रश्न विचारायचा हे ठरवताना एक पथ्य पाळायचं : जो प्रश्न मी विरोधी बातमीला विचारला असता, तोच सोयीच्या बातमीला. फॉरवर्ड करण्याआधी. एवढ्या एका पथ्याने माझ्या परिचयातल्या निम्म्या लोकांचे ग्रुप शांत होतील, मीही त्यांत आलो.

व्याख्यान इथे संपलं, प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. कार्यकर्ते चिठ्ठ्या गोळा करताहेत. माझी त्यांना एक विनंती आहे आणि तुम्हालाही. ‘भाषण आवडलं’ अशा चिठ्ठ्या पाठवू नका, त्या मी घरी जाऊन वाचेन. ज्यांचा पत्रिकेवर विश्वास आहे, ज्यांना मी आज ज्योतिषावर अन्याय केला असं वाटतं, ज्यांना माझं घराबद्दलचं बोलणं खटकलं, त्यांच्या चिठ्ठ्या आधी वर द्या. चिठ्ठीवर नाव लिहू नका.